थैलीतले प्रवासी

दुपारी चार वाजून दोन मिनिटांनी आजोबांनी पायांत चपला सरकवल्या, तेव्हा घरातील तिन्ही खोल्यांची दारे बंद होती आणि तिन्ही दारांआडून तीन निरनिराळे उद्योग ऐकू येत होते.

"कॅमेरा जरा खाली घ्या," पहिल्या दाराआडून त्यांचे चिरंजीव म्हणत होते. "हां. आता जळलेला भाग दाखवा. हे जळलंय की मुळातच काळं होतं?"

"गुडघा हळूच उचला," दुसऱ्या दाराआडून सूनबाई म्हणत होत्या. "दुखतंय? नेमकं कुठं? अहो, बोट ठेवून दाखवा ना, मला इथून कसं कळणार!"

तिसऱ्या दाराआडून कोणी प्राध्यापक मागणी आणि पुरवठा यांचा सिद्धांत विशद करीत होते आणि त्यांच्या प्रत्येक पूर्णविरामाला नातीचे मंद घोरणे साथ देत होते.

चिरंजीव विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करीत. पूर्वी ते जळालेल्या दुकानात स्वतः जात आणि अंगाला राखेचा वास घेऊन परत येत. गेली तीन वर्षे मात्र लोकांचे सर्वस्व खुर्चीत बसून जळालेले पाहत. सूनबाई हाडासांध्यांच्या रुग्णांना व्यायाम शिकवीत, पण तीन वर्षांत त्यांच्या हाताला दुसऱ्याचा गुडघा लागला नव्हता. नातीने महाविद्यालयाची इमारत केवळ प्रवेशपत्रावरच्या चित्रात पाहिली होती. जाण्यायेण्याचे प्रयोजनच उरले नाही म्हणून घरची मोटार विकून टाकली होती.

"रोजचे दोन तास दहा मिनिटं वाचतात, बाबा," असे चिरंजीवांनी प्रारंभी मोठ्या अभिमानाने सांगितले होते.

"वाचवून ठेवलेस कुठे?" आजोबांनी विचारले होते.

"म्हणजे? कामात गेले."

"मग वाचले नाहीत. दुसऱ्या मार्गाने वळवले."

हे त्यांनी उपहासाने म्हटले नव्हते. आजोबांनी एकतीस वर्षे बससेवेच्या वेळापत्रक विभागात काम केले होते. काळ हा वस्तू म्हणून साठवता येत नाही, त्याला केवळ मार्ग देता येतो, ही त्यांची निष्ठा होती. इमारतीत सारे त्यांना पाठीमागे 'वेळापत्रक' म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होते. किंबहुना ते त्यांना मनातून आवडत असे.

ते रोज चार दहाची नऊ नंबरची बस धरत. ती पाण्याच्या टाकीपासून निघून जुन्या पुलावरून, बंद पडलेल्या कापड गिरणीवरून टेकडी चढत असे आणि चार चाळीसला शुश्रूषागृहाच्या फाटकाशी थांबत असे. तेथे सात नंबरच्या खाटेवर आजी होत्या. दीड वर्षापूर्वी त्यांची स्मृती गेली. आधी वस्तूंची नावे गेली, मग माणसांची, आणि शेवटी स्वतःचेही. चिरंजीव, सूनबाई आणि नात दर रविवारी अकरा वाजता दहा मिनिटे पडद्यावर त्यांची भेट घेत. सिस्टर पडदा धरून उभ्या राहत. भेटीचा बराचसा वेळ "आई, इकडे बघ, इकडे, अगं इकडे," यातच जाई.

आजोबांची गोष्ट निराळी होती. पाच ते सहा ही भेटीची वेळ. ते खाटेशेजारी बसले की आजी विचारीत, "आपण कोण?"

"आपलाच," ते उत्तर देत.

मग ते थैलीतून एक जीर्ण वेळापत्रक काढीत. नऊ नंबरचे हे पहिले वेळापत्रक त्यांनी तरुणपणी घरीच, स्वयंपाकघराच्या दारात बसून रचले होते. प्रत्येक ओळ ते मोठ्याने म्हणून पाहत आणि आत भांडी घासता घासता ती आजींच्या कानांवर पडत असे.

"पाण्याची टाकी," ते म्हणत.

"चार दहा," आजी म्हणत.

"जुना पूल?"

"चार सतरा."

जगातले सारे विसरलेल्या त्या बाईला एवढे एकच स्तोत्र पाठ राहिले होते. ते संपले की त्यांच्या कपाळावरच्या आठ्या सैल होत आणि त्या शांतपणे डोळे मिटीत. पडद्यावरून हे करून पाहिले होते, पण पडद्यावरचा आवाज अर्धा क्षण मागे पडे आणि आजी संतापून म्हणत, "बस लेट आहे!"

आता ती बसच बंद व्हायची होती. थांब्यावर सूचना लागली होती. लोक घरीच काम करतात, घरीच शिकतात, वस्तू घरीच मागवतात. सबब या मार्गावर दर फेरीस सरासरी एक प्रवासी आढळतो. चौदा दिवस मोजणी होईल, तोवर प्रवास विनामूल्य राहील. दर फेरीस बारा प्रवासी न आढळल्यास मार्ग बंद करण्यात येईल. तो सरासरीचा एक प्रवासी म्हणजे आपण, हे आजोबांनी सूचना वाचताक्षणी ओळखले. टेकडी सहा किलोमीटरांची होती आणि त्यांचे गुडघे सत्त्याहत्तर वर्षांचे. बस गेली की सात नंबरची खाट त्यांच्यापुरती पृथ्वीच्या पलीकडे जाणार होती.

मोजणीसाठी शहरातील प्रत्येकाच्या फोनमध्ये 'प्रवासनोंद' नावाची एक सोय टाकण्यात आली होती. फोन बसमध्ये चढला की दारावरचे यंत्र एक प्रवासी मोजी, आणि फोनच्या धन्याच्या नावापुढे आपोआप 'प्रवासात' असा शब्द उमटे, तो परतीच्या फेरीची वेळ टळेपर्यंत टिके.

त्या दिवशी आजोबांनी खुंटीवरची थैली घेतली आणि बस धरली. चालकाने, जो स्वतःच्याच नोकरीच्या चितेवर बसल्यासारखा गेला आठवडा बसत होता, दार मिटले आणि दचकून वर पाहिले. यंत्राच्या काळ्या पाटीवर तांबडा आकडा उमटला होता: दोन.

"आजोबा, मागं कोण आहे?"

आजोबांनी मागे पाहिले. सोळा रिकामी आसने होती.

"कोणी नाही."

"मग हे दोन कोण?"

एवढ्यात थैली वाजू लागली. आत आजोबांच्या फोनशेजारी चिरंजीवांचा फोन होता. खुंटीच्या वरच्या फळीवर तो ठेवला होता, तेथून घसरून थैलीच्या उघड्या तोंडात पडला होता.

"अरे बापरे," आजोबा व्याकुळ झाले. "त्याचं काम खोळंबलं असेल."

चालक मात्र पाटीकडे एखाद्या भक्तासारखा पाहत होता. "आजोबा," तो हलक्या आवाजात म्हणाला, "उद्या आणखी एक आणा की."

संध्याकाळी सहा चाळीसला आजोबा अपराध्यासारखे घरी आले. चिरंजीव दिवाणखान्यात उभे होते. त्यांचे केस विस्कटलेले होते आणि गालावर उशीची घडी उमटली होती.

"बाळ, चूक झाली. तुझा फोन..."

"बाबा, मी झोपलो होतो," चिरंजीव एखादा चमत्कार सांगावा तसे म्हणाले. "दोन तास! साहेबांनी फोन केला असणार, त्यांना दिसलं 'प्रवासात'. प्रवासातल्या माणसाला कोणी काही विचारत नाही. कुणीही नाही! तीन वर्षांत पहिल्यांदा."

सूनबाईंनी दार उघडून हे ऐकले. त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळे होती. त्यांनी आपला फोन आणून थैलीत टाकला.

"उद्यासाठी," त्या म्हणाल्या.

आजोबांचे मन मानेना. "हे असत्य आहे, सूनबाई. प्रवासी नाही आणि प्रवास नोंदवायचा?"

"आजोबा," नात म्हणाली, "बस गेली तर तुम्ही आजीकडे कसे जाणार?"

या प्रश्नावर आजोबांनी रात्रभर चिंतन केले. सत्य श्रेष्ठ खरे. परंतु सत्य सहा किलोमीटर चढावर होते आणि तेथवर जायला बसच हवी होती. दुसऱ्या दिवशी पाटीवर चार हा आकडा उमटला.

इमारतीत वार्ता लपत नाही. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरचे शिंपीमामा जिन्यात वाट पाहत उभे होते. ते हल्ली छायाचित्रावरून मापे घेत, आणि त्यामुळे त्यांच्या गिऱ्हाइकांचे उजवे हात डाव्यांहून लांब निघत. तक्रारींचे फोन दिवसभर येत.

"वेळापत्र... आजोबा," शिंपीमामांनी जीभ चावली, "एवढा घेऊन जाता का? म्हातारं गिऱ्हाईक आहे, दर दहा मिनिटांनी बाही दाखवतंय."

पाठोपाठ दुसऱ्या मजल्यावरच्या वकीलबाई आल्या. अशिलांना आता न त्यांची वेळ समजत होती, न अवेळ. "घ्या," त्या म्हणाल्या. "आणि सावकाश या. बस चुकली तरी माझी काही हरकत नाही."

पाचव्या दिवशी अकरा, सातव्या दिवशी सतरा आणि नवव्या दिवशी, आजोबांचा स्वतःचा धरून, तेवीस फोन थैलीत होते. आजोबांनी प्रत्येकाला चिठ्ठी चिकटवून क्रमांक दिला होता, कारण पद्धत सोडून त्यांना पापही करता येत नसे. चार वाजता सारी इमारत जिन्यात रांगेने उभी राही आणि फोन अर्पण करी. चार दहानंतर इमारतीवर एक विलक्षण शांती पसरे. लोक झोपत. काही जण भिंतीकडे पाहत बसत. पूर्वी कामावरून येताना बसच्या खिडकीशी डोके टेकून जी पाऊण तासाची बेवारशी शांतता मिळे, ती हीच, हे कित्येकांना आत्ता आठवले. आपण तिला कंटाळवाणा प्रवास म्हणून शिव्या देत होतो, याचीही काहींना लाज वाटली.

बसमध्ये मात्र आजोबांची परीक्षा होती. आकडा वीसच्या वर गेला की बसमधील ध्वनियंत्र आपोआप गर्दीच्या सूचना देई.

"कृपया आत सरका," एक मंजुळ आवाज रिकाम्या बसमधल्या एकट्या वृद्धाला सांगे. "मागे जागा आहे. वृद्धांना आसन द्या."

ही सूचना पहिल्यांदा आली तेव्हा आजोबा खरोखरच उठून मागच्या आसनावर जाऊन बसले.

"आजोबा, ते मशीन आहे हो!" चालक आरशातून म्हणाला.

"सूचना ती सूचना," आजोबा म्हणाले.

शुश्रूषागृहात सिस्टर करवादल्या. "आजोबा, तुमची थैली बोलते. काल 'अभिनंदन, आज आपण आठ हजार पावले चाललात' म्हणाली. पाच नंबरच्या आजींना पाय नाहीत, त्या रडायला लागल्या."

त्या दिवसापासून आजोबा थैली दुलईत गुंडाळून खाटेखाली सारू लागले. आजींना तिची बाधा होत नसे. त्या जुना पूल, कापड गिरणी, टेकडीचे वळण अशा आपल्या मार्गाने बिनचूक जात आणि चार चाळीसला डोळे मिटीत.

चौदाव्या, म्हणजे शेवटच्या, दिवशी आजोबा आले तेव्हा आजींचे डोळे आधीच मिटलेले होते.

"सकाळपासून खाल्लं नाही काही," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी नाडी धरली, श्वास मोजला आणि पुन्हा मोजला. मग त्यांचा आवाज बदलला. सिस्टरांच्या करवादण्याची सवय झालेल्या आजोबांना त्या मृदू आवाजाचेच भय वाटले. "आजोबा, घरच्यांना बोलवायला हवं. लगेच. मी लावते फोन."

त्यांनी कोपऱ्यातल्या टेबलावरून चिरंजीवांचा नंबर फिरवला. खाटेखाली, दुलईच्या आत, काहीतरी वाजू लागले.

सिस्टरांनी सूनबाईंचा नंबर लावला. खाटेखाली दुसरा सूर लागला. नातीचा लावला, तिसरा. "शेजारी कुणी?" त्यांनी विचारले. नोंदवहीत वकीलबाईंचा नंबर लिहिलेला होता. तो लावताच थैलीतून सनई वाजू लागली.

"आजोबा, हे काय आहे?"

आजोबा गुडघ्यांवर बसून दुलई उकलत होते. थैलीत तेवीस फोन होते. त्यांच्या ओळखीच्या यच्चयावत माणसांचे नंबर त्या थैलीत होते, आणि माणसे सारी टेकडीखाली, बंद दारांआड, निश्चिंत झोपलेली होती. त्यांनी स्वतःचा फोन हाती घेतला. तो लावायचा कोणाला? ज्याला लावावा तो थैलीतच वाजणार. एकतीस वर्षांत त्यांनी सबंध शहराला एकमेकांकडे पोहोचते केले होते, आणि आज त्यांच्या एकाही शब्दाला जायला मार्ग नव्हता.

थैलीतला चिरंजीवांचा फोन पुन्हा वाजला. आजोबांनी भांबावून तो कानाला लावला.

"मी शुश्रूषागृहातून बोलतेय," सिस्टर टेबलापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणत होत्या. "तुमच्या आईंची तब्येत फार खालावलीय. ताबडतोब निघा."

"मी आलेलोच आहे," आजोबा त्यांच्या पाठीकडे पाहत म्हणाले.

मग ते उठले. फाटकाबाहेर नऊ नंबर उभी होती. तिची परतीची वेळ सहा दहाची होती. आत्ता पाच वाजून वीस मिनिटे झाली होती. ज्या माणसाने बस एक मिनिट आधी सुटली म्हणून तिघा चालकांना लेखी ताकीद दिली होती, तो माणूस बसच्या दाराला धरून म्हणाला, "बाबा रे, आत्ताच्या आत्ता सोड."

चालकाने घड्याळ पाहिले, मग आजोबांचे तोंड पाहिले. "वेळापत्रकाचं काय?"

"वेळापत्रक मी आहे," आजोबा म्हणाले. "जा. माझ्या घरच्यांना घेऊन ये."

पाण्याच्या टाकीपाशी चालकाने भोंगा दाबला तो सोडलाच नाही. खिडक्या उघडल्या. डोळे चोळत, चिडत माणसे बाहेर आली.

"काय हो, आज लवकर?" शिंपीमामा गळ्यातल्या टेपासह आले. "आजोबा कुठंत? माझा फोन..."

"आजोबा वरच आहेत," चालक म्हणाला. "आजींचं काही खरं नाही. घरच्यांना बोलावलंय."

चिरंजीव, सूनबाई आणि नात अनवाणी धावत बसमध्ये चढली. मागे एकोणीस माणसे रस्त्यावर उभी राहिली. प्रत्येकाच्या मनात एकच विचार होता आणि तो उच्चारण्याची कोणाचीच छाती नव्हती.

"आजींना... भेटायलाच हवं," वकीलबाई शेवटी म्हणाल्या. "शेजारधर्म आहे."

"मी तर कधीचा म्हणत होतो, एकदा जाऊन येऊ," शिंपीमामा म्हणाले.

"फोनचं काय एवढं," तिसरा कोणी म्हणाला. फोनचे नाव कोणी काढलेलेच नव्हते.

एकोणीसच्या एकोणीस माणसे चढली. कित्येक महिन्यांत जिन्याबाहेर न पडलेल्या त्या माणसांचे पाय लटपटत होते. आजन्म शेजारी असलेल्यांचे खांदे एकमेकांना लागले तेव्हा ती संकोचली. बाहेर उजेड मंदावत होता. बस वळणाला लागली आणि तो मंजुळ आवाज आला.

"वाहनात एकही प्रवासी नाही. ऊर्जा वाचवण्यासाठी दिवे बंद करीत आहोत."

दिवे विझले. काळ्या पाटीवर तांबडे शून्य तेवढे तळपत होते. त्याच्या उजेडात बावीस माणसे एकमेकांच्या तोंडाकडे पाहत उभी होती.

"आम्ही आहोत ना," नात रडवेल्या आवाजात छताकडे पाहून म्हणाली.

भेटीची वेळ संपून गेली होती, तरी सिस्टरांनी कोणाला अडवले नाही. चिरंजीव खाटेशी गेले आणि त्यांनी आईचा हात हातात घेतला. आजींनी डोळे उघडले. त्या खूप वेळ पाहत राहिल्या. मग नजर चेहऱ्यावरून खाली, खांद्यांवरून, कमरेवरून, पार जमिनीपर्यंत गेली.

"अगं बाई," त्या क्षीण आवाजात सिस्टरांना म्हणाल्या, "हा पडद्यातला मुलगा ना? याला पाय आहेत!"

कोणीतरी हसले. बहुधा शिंपीमामा. आणि त्यांनी लगेच टेपाचे टोक तोंडात कोंबले.

आजोबांनी वेळापत्रक उघडले. ते उघडण्याची गरज नव्हती. "पाण्याची टाकी," ते म्हणाले.

"चार दहा." केवळ ओठ हलले.

"जुना पूल?"

"सतरा..."

"कापड गिरणी?" आजोबा थांबले. नियमाप्रमाणे थांबायचे तेवढेच थांबले आणि मग त्याहून अधिक थांबले. आजींचे ओठ हलले नाहीत. श्वासही हलला नाही. सिस्टर पुढे झाल्या आणि पुन्हा मागे सरल्या.

"चार चोवीस," चिरंजीव म्हणाले. स्वयंपाकघराच्या दारात, बापाच्या मांडीवर, त्यांनीही ते कधीकाळी ऐकले होते. "बाबा, पुढचं म्हणा."

"टेकडीचं वळण."

"चार बत्तीस."

"दवाखाना."



नेमक्या त्याच वेळी खाटेखालची थैली वाजू लागली. आधी एक, मग दोन, मग एकदम सारे. साहेब, अशील, लांब बाहीचे गिऱ्हाईक, साऱ्यांना एकाच वेळी आपापल्या माणसाची आठवण झाली होती. वकीलबाईंचा हात नकळत पुढे झाला. त्यांनी तो दुसऱ्या हाताने धरून मागे घेतला. बाकी कोणी हलले नाही. बावीस फोन वाजून वाजून आपापले थकले.

तीन आठवड्यांनी बससेवेचा प्रगणक घरी आला. चेहऱ्याने सज्जन आणि कागदपत्रांत चोख असा तो मनुष्य होता.

"तुमचं अभिनंदन करायला आलो," तो म्हणाला. "नऊ नंबर चालू राहणार. नुसती चालू नाही, दर अर्ध्या तासाला एक! इतका नियमित प्रवासीवर्ग आम्ही कुठंच पाहिला नाही. तेवीस माणसं रोज एकाच वेळी चढतात, सगळी दवाखान्याशी उतरतात, तासभर बसतात, परत येतात. आमच्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, माणुसकी शिल्लक आहे."

आजोबा मान खाली घालून ऐकत होते. "आणि चौदावा दिवस?" त्यांनी विचारले.

"तो रद्द केला. त्या दिवशी यंत्र बिघडलं होतं. वजनकाटा सांगतो बस खच्चून भरली होती, गणनायंत्र सांगतं शून्य. असं कसं होईल? असले खोटे दिवस आम्ही धरत नाही."

आजोबा एकतीस वर्षे त्याच खात्यात होते. त्यांनी खात्याचा निर्णय मान तुकवून स्वीकारला.

बस दर अर्ध्या तासाला पाण्याच्या टाकीशी येऊ लागली, दार उघडी, वाट पाही आणि दार मिटून रिकामी टेकडी चढू लागली. आजोबा खिडकीतून ती पाहत. त्यांना आता कोठेच जायचे नव्हते. इमारतीची दशा तर पाहवत नव्हती. फोन घरोघरी परत आले होते. साहेबांनी मधले दोन आठवडे वसूल करायला प्रारंभ केला होता. सूनबाईंच्या डोळ्यांखालची वर्तुळे पुन्हा काळी झाली होती.

एके दिवशी चारला पाच मिनिटे कमी असताना शिंपीमामा दारात आले. त्यांचा हात पाठीमागे होता.

"आजोबा, दुःख मोठं आहे," ते म्हणाले. "आम्हाला सगळं कळतं. पण घरात बसून माणूस खंगतो हो. जरा बाहेर... म्हणजे चार दहाची असते ना अजून?"

आजोबांनी त्यांच्यामागे पाहिले. जिन्यात रांग लागली होती. प्रत्येकाचा हात पाठीमागे होता.

त्यांनी खुंटीकडे पाहिले. मग म्हणाले, "बस आपण खोटं बोलून राखली. आता ती कोणीतरी खरी करायला हवी." आणि त्यांनी खुंटीवरची थैली काढली.

चिरंजीव थांब्यापर्यंत पोहोचवायला आले. बाकावर ते बापाशेजारी बसले, आणि क्षणभर असे वाटले की ते आता चढतीलच. तेवढ्यात घरातून संगणकाची घंटी ऐकू आली.

"बाबा, उद्या मी स्वतः येतो. नक्की," ते म्हणाले आणि त्यांनी फोन थैलीत टाकला.

आजोबांनी मान डोलावली. वेळापत्रकात 'उद्या' नावाचा रकाना नसतो हे त्यांना ठाऊक होते; परंतु मुलाच्या तोंडावर ते त्यांनी सांगितले नाही.

"कृपया आत सरका," बसमधला आवाज म्हणाला. आजोबा मागच्या आसनावर जाऊन बसले. चालकाने आरशातून पाहिले आणि दार मिटले.

सात नंबरच्या खाटेवर आता दुसरी वृद्धा होती. तिचा मुलगा दूर असे आणि रविवारी साडेअकराला दहा मिनिटे पडद्यावर येत असे, असे सिस्टर म्हणाल्या. आजोबा त्याच खुर्चीत बसले. थैली त्यांनी दुलईत गुंडाळून खाटेखाली सारली आणि हात मांडीवर ठेवले. पाच वाजले.

वृद्धेने मान वळवली. कित्येक दिवसांत तिच्याकडे कोणी असे बसायला आले नव्हते. तिने नीट निरखून पाहिले.

"आपण कोण?" तिने विचारले.

आजोबांच्या ओठांवर जुने उत्तर आले, आणि ते त्यांनी गिळले. ते जिचे तिच्यापाशी राहायला हवे होते. त्यांनी खाटेखाली एकदा पाहिले.

"नोंदीप्रमाणे," ते नम्रपणे म्हणाले, "आम्ही तेवीस जण आहोत."